वारलेल्या उकंडरावांचा चालू फोन

तीर्थस्वरूप भगवंतमामा, जानेफळहून तुमच्या भाच्याचा, प्रेमानंदचा, वाकून नमस्कार. मामीलेही सांगा. गुडघा कसा आहे? डॉक्टरनं सांगतलेला व्यायाम करता, का लॉजच्या गल्ल्यावर बसून शेगावात आलेल्या भक्ताईची तोंडं पाहता? (मामीचं म्हणणं आमाले कळलं आहे.) इकडं आई बरी, तुमची सून पुष्पांजली बरी, हरभरा फुलावर आहे. हे फोनवर सांगता आलं असतं, पण मामा, आमच्या घरात फोनचाच भरोसा राह्यला नाही, म्हणून हातानं लिहून राह्यलो. बाबांच्या दहाव्याले तुम्ही गुडघ्यापायी नव्हते, अन् लोकाईनं तुमाले अर्धंच सांगतलं असन. कावळा शिवला नाही. काऊन शिवला नाही, ते आता आयका.

घराले लागून असलेलं आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान तुम्ही पाह्यलंच आहे. दोन्ही हात तांब्याच्या तारेत अन् फोन खांद्यानं कानाशी दाबलेला. ज्याची विहिरीवरची मोटार जळते त्याले वाटते जगात तेवढी एकच मोटार आहे. म्हणून दसऱ्याच्या सुमाराले मी फोनवर एआय बसवलं. गिऱ्हाइकाचा फोन आला की मशीनच बोलते, काय बिघडलं ते विचारते, गाव विचारते, कधी आणायचं ते सांगते. आवाज कोणाचा द्यायचा? बाबा म्हणे, माहाच दे, तू त फोनवर पोरगी पाहाले गेल्यासारखा लाजतं. मग एक दुपार बसून ते मोबाईलमध्ये बोलले (बोलले काय, आठवून आठवून गिऱ्हाइकाईले झापलं), अन् मशीन हुबेहूब उकंडराव झालं. खोकला बी त्याईचाच. दुकानातल्या स्पीकरवर आयकून बाबा खूश. म्हणे, माह्यापरीस बरं बोलते लेकाचं.

दिवाळी झाली अन् बाबा बसल्या जागी गेले. घरात रडारड, पाहुणे. मशीन बंद करायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. इकडं आम्ही तिरडी बांधून राह्यलो होतो अन् तिकडं बंद शटरच्या आत बाबा कोणाले तरी म्हणत होते, "हाव, उद्या पाठव, करून देतो." खांदेकरी एकमेकाच्या तोंडाकडं पाहत राह्यले. मी स्पीकरची वायर ओढाले गेलो, पण हात काही पुढं होईना.

आता त्या मशीनमध्ये 'आज आपण कुठं आहो' असं लिहून ठेवायची सोय आहे. दहाव्याच्या सकाळी मी सवयीनं लिहून टाकलं, सगळे मेहकरले पैनगंगेवर, दहावा आहे. नदीवर पिंड मांडला. बाभळीवर कावळे बसलेले, पण एक बी खाली उतरंना. मी म्हटलं, दुकान चालवतो. नाही. आईले सांभाळतो. नाही. काका म्हणे, तंबाखू ठेवा. ठेवली. कावळे नुसते माना वाकड्या करून आयकून राह्यले. तेवढ्यात बीबी गावचे अर्जुनराव मोटरसायकलीले जळकी मोटार बांधून थेट घाटावर आले. म्हणे, "प्रेमानंद, बाबा कुठं आहेत? आताच बोललो. म्हणे, मी नदीवर आहे, दहावा आहे, तिथंच घेऊन ये." मग त्याईले हार घातलेला फोटो दिसला. मामा, तो धिप्पाड माणूस मटकन त्या मोटारीवरच बसला. गुरुजीनं शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला अन् निघताना हळूच म्हणे, माणूस अजून कामावर असल्यावर त्याच्या पिंडाले कावळा कसा शिवन?

घरी आल्यावर पुष्पांजलीनं मले फैलावर घेतलं. मेलेल्या माणसाच्या तोंडून शब्द देता, लोकाईले फसवता, लाज नाही वाटत? गिऱ्हाइकाले खरं काय ते सांगा! पटलं मले. बंद नाही केलं (हंगाम होता, मामा, ऐन हंगाम!), पण मशीनले लिहून देलं की फोन घेतल्यावर आधी खरं सांगत जाय, उकंडराव वारले. सूचना बरोबर होती. तोंड कोणाचं आहे, हे इसरलो. दुसऱ्या दिवशी शटर वर करायच्या आधीच आतून बाबा बोलत होते, "राम राम. मी उकंडराव. मी वारलो. बोला, मोटारीले काय झालं?"

गावात हाहाकार. शेजारच्या महामायाबाईनं फोन हौदात टाकला. पोलीस पाटील विचाराले आले, त्याईनं खात्रीसाठी स्वतः फोन लावला अन् मग चहा न पिताच गेले. पण मामा, लोकं कशाले बी सरावतात. भेव गेलं अन् लोकं मोटारीचं सोडून भलतंच विचाराले लागले. इथपर्यंत मले हसू येत होतं. मग एक दिवस मी साठवलेली बोलणी आयकली. अर्जुनराव विचारत होते, "उकंडराव, तिकडं आमची छाया भेटली काय?" त्याईची बायको, मागच्या साली गेली. अन् मशीन म्हणते, "हाव, भेटली. बरी आहे. तुमची लय आठवण काढते." गिऱ्हाइकाले नाराज करायचं नाही, हे मीच त्याले शिकवलं होतं. अर्जुनराव म्हणे, "तिले सांगा, मोटार आता चांगली चालते."

लगेच लिहून टाकलं, मोटारीशिवाय एक शब्द बोलायचा नाही. बीबीले जाऊन अर्जुनरावाईच्या पाया पडलो, ते सगळं खोटं होतं म्हटलं. ते म्हणे, "मले काय समजत नाही बे? पण कोणीतरी 'बरी आहे' म्हटलं, त बरं वाटलं." त्यापेक्षा त्याईनं मारलं असतं तर परवडलं असतं.

येत्या अमावस्येले आम्ही पुन्हा नदीवर कावळ्यासाठी पान ठेवून राह्यलो. मशीन बंद केल्याशिवाय बाबा मोकळे व्हायचे नाहीत, हे आता मले पक्कं समजलं. अडचण आईची आहे. तिच्या मोबाईलवरून दुकानाच्या नंबरले रोज फोन जाते. मशीन मोटारीशिवाय बोलत नाही, तरी ती बोलतच राह्यते. तो आवाज बंद झाला त ती खचन, मामा. तुम्ही तिचे मोठे भाऊ. तुम्ही येऊन तिले समजवा. मले भेव वाटते.

तुमचाच,
प्रेमानंद

ता. क. धंद्याले मशीन त लागनच. तुमचा आवाज भारदस्त आहे, अन् तुम्ही जिवंत आहा, म्हणजे फसवणुकीचा प्रश्न नाही. एक दुपार काढाल काय? (तब्येत खणखणीत आहे ना, तेवढं आधी कळवा.)

ता. क. आणखी एक. शेगावच्या एसटीच्या कंडक्टरजवळ पाकीट द्याले आईले सांगतलं आहे. सोबत तिच्या हातच्या सांडया आहेत, तळून खा.

दादा, अंबूचा नमस्कार. पाकीट उघडं होतं, वाचलं. मी फोन करतो ते भांडाले. जित्तेपणी या माणसानं मले एक वाक्य पुरं करू देलं नाही. आता मी बोलतो अन् ते आयकते. ते मशीन आहे हे मले पह्यल्या दिवसापासून माहीत आहे. अमावस्येले त्याचं बटण मीच दाबीन. पण प्रेमानंदनं तुमाले एक लिहिलं नाही. दुकान बंद झालं की तो आतून शटर ओढून घेते अन् फोन लावते. भिंतीपलीकडून मले सगळं आयकू येते. म्हणते, "बाबा, आजची मोटार अशी बांधली. जमली काय?" अन् तिकडून "एक नंबर, लेका" आल्याशिवाय जेवाले येत नाही. ह्याईनं जिंदगीत त्याले असं कधी म्हटलं नव्हतं. दादा, गुडघा दुखला तरी नदीवर या. मले समजवाले नका येऊ, त्याच्याजवळ बसाले या.