बेडकाची छत्री

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (इथे 'साष्टांग' हा शब्द अगदी शब्दशः घ्यावा. ऑफिसातल्या खुर्चीने माझी पाठ धरली आहे आणि हे पत्र मी मागच्या खोलीत जमिनीवर पालथा पडून लिहितो आहे, त्यामुळे आठांपैकी निदान सहा अंगं तरी खरोखर टेकलेली आहेत.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला थांबला, की आता तुम्हालाच त्याची सवय झाली? रोज फोन होत असताना ह्याला पत्राचं खूळ कुठून आलं, असं तुला वाटेल. त्याचं असं आहे की संध्याकाळी तुझा फोन दादाच्या हातात असतो, आणि टपाल दुपारी येतं, तेव्हा दादा इथे आमच्या डोक्यावर बसलेला असतो. तुझा लेक आणि माझा मालक ही एकच व्यक्ती असल्यामुळे मला काही पथ्यं पाळावी लागतात.

आमचं सगळं उत्तम चाललं आहे. इतकं उत्तम की पुढच्या आठवड्यात ऑफिसला कुलूप लागण्याची शक्यता आहे. गेम विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीतल्या बाई येऊन आपला बेडकाचा गेम स्वतः खेळून बघणार आहेत. त्यांना आवडला तर कंपनी तो घेणार. नाही आवडला, तर दादाने बँकेची नोकरी सोडून न्हाव्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मांडलेला हा संसार आटोपला. तुला आठवत असेल, सुरुवातीला त्या गेममध्ये एक बेडूक होता आणि खड्डे होते. बटण एकच. थोडं दाबलं की छोटी उडी, धरून ठेवलं की लांब. ती उडी दादाने एकट्याने, अख्खा उन्हाळा दार लावून बसून बसवली होती. टेकताना बेडूक किंचित दबायचा आणि मग सावरायचा. पहिल्यांदा खेळलो तेव्हा बेडकाबरोबर मीही खुर्चीतून अर्धा उठलो होतो. मला ती उडी फार आवडायची, मावशी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं मी चेष्टेत लिहिणार आहे.

आमच्या भिंतीवर दादाने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे, 'इथे कुणी नको म्हणायचं नाही.' बँकेतल्या साहेबाने त्याला नऊ वर्षं प्रत्येक गोष्टीला नको म्हटलं, त्याचा सूड तो आमच्यावर हो म्हणून उगवतो. कुणीही काहीही सुचवावं, शुक्रवारपर्यंत ते गेममध्ये आलंच पाहिजे. आलं की टेबलावरची पितळी घंटा वाजते, सगळे टाळ्या वाजवतात आणि सुचवणाऱ्याचे डोळे भरून येतात. (माझेही आले होते. ते प्रकरण पुढे येईल.)

सुरुवात छत्रीने झाली. कुणा एका मायाळू व्यक्तीला (नाव आत्ता राहू दे) बेडूक खड्ड्यात पडलेला बघवेना, म्हणून त्याला छत्री मिळाली. पडायला लागला की ती उघडते आणि महाराज तरंगत पलीकडे जातात. झालं, खड्ड्याची भीतीच गेली. चुकलं तरी चालतंय म्हटल्यावर नेम धरून उडी कोण मारणार? म्हणून दादाने खड्डे रुंद केले. ते इतके रुंद झाले की छत्रीनेही पार होईनात. तेव्हा मी असं सुचवलं की फांदीला लटकायला बेडकाला शेपूट द्यावं. बेडकाला शेपूट नसतं हे मला ठाऊक आहे, पण लहानपणी असतं, आणि आपला बेडूक मनाने लहानच आहे, असा युक्तिवाद मी केला. घंटा वाजली. आता शेपटासाठी फांद्या आल्या, फांद्यांसाठी छत खाली आलं, आणि छत खाली आल्यामुळे उडी मारली की बेडकाचं डोकं आपटायला लागलं. त्यावर चष्मेवाल्याने (आमचा प्रोग्रामर, चष्मा पुसताना त्याला जे सुचतं ते आम्हाला महिनाभर निस्तरावं लागतं) सगळं जगच उलटं करायची सोय काढली, म्हणजे बेडूक खुशाल छतावरून चालेल. चित्रं काढणाऱ्या बाईंनी त्याला रंग बदलायला शिकवलं. गवतावर तो हिरवा होतो, त्यामुळे शत्रूला दिसत नाही. खेळणाऱ्यालाही दिसत नाही, पण त्या म्हणतात की कलेत थोडं सोसावं लागतं. संगीतकाराने फळ्यांना ठेका दिला. ठेका चुकला की फळी गायब. हिशेबनिसाने गेलेली वेळ परत आणणारं बटण मागितलं; वर्षअखेर जवळ होती, आम्ही त्याचं दुःख समजून घेतलं.

ह्यातली एकेक गोष्ट वेगळी काढून बघितली तर वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे. अति तेथे माती हे आम्ही सगळे लहानपणी पाठ केलेलं आहे, पण आपण घातलेलं मूठभर कुणाला अति वाटत नाही. शेवटी कंट्रोलरवरची बटणं संपली. जो तो आपल्या बटणासाठी भांडला. उडीच्या बाजूने भांडायला कुणीच नव्हतं, कारण ती कुणा एकाची राहिली नव्हती. मग तिचं बटण ठेक्याला गेलं. आता उडी मारायची तर तीन बटणं एकदम दाबून अंगठा आडवा न्यावा लागतो. ते ज्याला जमतं त्याने तबला शिकावा असं माझं मत आहे.

परवा दादाने खालच्या न्हाव्याला खेळायला वर बोलावलं. भला माणूस, दुकान अर्धं बंद करून आला. आधी कुठलं बटण कशाचं ते सांगणारा भाग सुरू झाला. तो संपेपर्यंत खाली अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक दोनदा हाका मारून गेलं. मग खेळ सुरू झाला आणि बेडूक हरवला. आम्ही सहा माणसं स्क्रीनला नाक लावून त्याला शोधत होतो. चष्मेवाला म्हणाला तो उलटा असेल, चित्रकार बाई म्हणाल्या तो हिरवा असेल. दोघंही बरोबर होते. साहेब हिरवे होऊन, छताला टेकून, छत्री उघडून निवांत बसले होते. न्हाव्याने कंट्रोलर हळूच खाली ठेवला आणि फार अदबीने म्हणाला, "सगळं झकास आहे हो. फक्त हा बेडूक उड्या कधी मारतो, तेवढं सांगा."

दादाने तो कंट्रोलर उचलून हातात फिरवला. मला वाटलं, आता ह्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तेवढ्यात त्याने घंटा वाजवली. न्हाव्याची सूचना मंजूर झाली. शुक्रवारपर्यंत गेममध्ये उडी घालायची असं ठरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, न्हाव्याचे डोळे भरून आले आणि चष्मेवाला बटण कुठे शिल्लक आहे ते शोधायला लागला.

असो. बाकी सर्व क्षेम. काकांना नमस्कार सांग, गुडघ्यांना शेक दे, आणि माझ्या पाठीची काळजी करू नकोस. जमिनीवरून जग बरंच सोपं दिसतं.

तुझा आडवा भाचा

ता. क. ती मायाळू व्यक्ती तूच, मावशी. पहिल्यांदा ऑफिस बघायला आलीस, चहा होईपर्यंत खेळलीस आणि म्हणालीस, "अरे, लागत असेल रे त्याला. एखादी छत्री तरी द्या." बाकीचं सगळं दादा मुकाट्याने काढेल, पण त्याचा हात छत्रीपाशी येऊन थांबतो. आणि छत्री राहिली की खड्डे रुंद राहतात, खड्डे रुंद राहिले की पुढची सगळी वरात राहते. तेव्हा तू त्याला एकदाच, सहज जेवता जेवता म्हण, 'ती छत्री नको.' भिंतीवरचा नियम तुला लागू नाही. मी लिहिलं हे मात्र सांगू नकोस.

आणखी एक ता. क. शेपटाबद्दल काही बोलू नकोस. शेपूट खरोखर कामाचं आहे. न्हाव्यानेसुद्धा 'हे काय आहे?' असं आवर्जून विचारलं.

शेवटचा ता. क. पाकीट आणायला उठलो, तर पुढच्या खोलीत दादा एकटाच खेळत होता. जुना गेम, एका बटणाचा. पहिल्याच खड्ड्यात पडला आणि हसला. पुन्हा पडला, पुन्हा हसला. कितीतरी महिन्यांत मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. मग उडी बरोबर बसली आणि तो खुर्चीतून अर्धा उठला. मी म्हटलं, "दादा, त्या कंपनीच्या बाईंना हाच दाखवूया ना." त्याने स्क्रीन बंद केली आणि म्हणाला, "ह्यात आईची छत्री नाही रे."

(शेपूटही नव्हतं, मावशी. पण ते माझं मी सोसेन.)