जोडकार्डाचा कोरा भाग

मी, कुमारी शकुन दिगंबर रिसबूड, वय सत्तावन्न, राहणार भवानीपूर, कलकत्ता, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वहस्ते लिहीत आहे. डॉक्टरांनी दुखणं हृदयाचं सांगितलं आहे, डोक्याचं नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरं माणूसच नाही.

१. माझी भांडीकुंडी आपल्या मराठी मंडळाला द्यावी. मोदकपात्र मात्र शैलाबाईंच्या हाती पडू नये. माझ्या मोदकांना त्या चारचौघांत दगड म्हणाल्या होत्या.

२. कपाटातले ऑफिसचे कागद आमच्या कॉम्प्युटर विभागातले ऑपरेटर श्यामसुंदर पाल यांना द्यावेत. त्यांत मी लिहिलेला एक छोटा प्रोग्राम आहे. पूर्वी आमचं मशीन माहिती हवी असली की नुसतंच थांबायचं. ऑपरेटरला वाटायचं, मशीन काम करतंय, म्हणून तोही थांबायचा. एकदा दोघं सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकमेकांची वाट पाहत बसले. मग मी हा प्रोग्राम केला. जो प्रश्न द्याल तो कागदावर छापायचा, थांबायचं, आणि टाइप केलेलं उत्तर पुढच्या कामाच्या हवाली करायचं. साहेब म्हणाले, "मिस रिसबूड, सवाल पूछने के लिए भी प्रोग्राम?" पुढे अहवालात त्यावर स्वतःचं नाव घातलं. ते नाव त्यांच्याकडेच राहू दे.

३. राहता दोन खोल्यांचा फ्लॅट माझी धाकटी बहीण लीला, मुक्काम नागपूर, हिला मिळावा.

याचं कारण लिहिणं भाग आहे. आई गेली तेव्हा लीला तेरावा उलटल्यावर आली. मी दारातच म्हणाले, "आता कशाला आलीस?" ती "बरं ताई" म्हणाली आणि पिशवी खाली न ठेवता हावडा स्टेशनवर परत गेली. तिचा मुलगा टायफॉइडने अंथरुणाला खिळला होता, हे मला महिन्याने कळलं. चूक माझी होती. तरी अकरा वर्षं मी तिच्या पत्राची वाट पाहिली. ती कदाचित माझ्या विचारण्याची पाहत असेल.

गेल्या आठवड्यात ऑफिसात कोणी नसताना मी माझ्याच प्रोग्रामला इंग्रजी लिपीत प्रश्न दिला, "लीला, येतेस का?" मशीनने तो छापला आणि ते थांबलं. उत्तर टाइप करायला तिथे मीच होते. मला रडू आलं. कागद फाडून घेतला, तो या मृत्युपत्राला टाचला आहे.

४. मी गेल्यावर या मृत्युपत्राचे साक्षीदार विनायकराव सप्रे यांनी लीलाला जोडकार्ड, म्हणजे उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं पोस्टकार्ड, पाठवून हाच प्रश्न विचारावा, असं कलम इथे लिहीत होते. खोडलं आहे. मी अजून आहे, तेव्हा विचारायचं काम माझं. कार्ड आत्ताच लिहिलं. उत्तराच्या कोऱ्या भागावर माझा पत्ता घातला आहे.

५. उत्तर माझ्या हयातीत आलं नाही, तरी तो नकार समजू नये. फ्लॅट तिचाच आहे. किल्ली विनायकरावांनी सांभाळावी आणि थांबावं. मुदत घातलेली नाही.

ठिकाण: कलकत्ता
दिनांक: ११ फेब्रुवारी १९७८

सही: शकुन दि. रिसबूड

साक्षीदार:
सुहासिनी भागवत, शेजारीण
विनायक सप्रे, निवृत्त बँक अधिकारी. कार्ड पोस्टात टाकायला मी घेतलं होतं. शकुनताई म्हणाल्या, मीच टाकते. चप्पल घालून त्या माझ्याबरोबर निघाल्या आहेत.