शांत माणसाचा जंपसूट

३ मार्च, सोमवार. सकाळी १०.
आजपासून रोज लिहायचं. मालकांनी पंधरा दिवस घरी बसवलंय. कारण काय, तर गॅरेजमधल्या पेंटरच्या मनगटावर माझा हातोडा पडला. 'पडला' हाच शब्द मी मालकांपुढे वापरला. त्यावर मालक म्हणाले, वीस वर्षं गाड्यांचे डेंट काढताय, हातोडा कुठे पडतो ते तुम्हाला कळत नाही होय? पण माझी पँट मागून उसवली होती आणि पेंटर तिला फिदीफिदी हसला, हे कुणी बघतच नाही!

अट अशी: अठरा तारखेला डोकं थंड करून यायचं, पेंटरची माफी मागायची. पेंटर हो म्हणाला तर कामावर, नाहीतर नारळ.

मुळात मी शांत माणूस. तरी पुरावा हवा. म्हणून शिवणकाम. मोबाइलवर व्हिडिओ बघितला: सोयीचा, आरामशीर जंपसूट घरच्या घरी, दोन दिवसांत. शिवणारी बाई सबंध वेळ हसतमुख. शर्ट-पँट एकच, म्हणजे उसवायला जागाच नाही. मला दीड दिवस पुरे.

४ मार्च.
ही घरी ब्लाउज शिवते. मशीन मागितलं तर नाही म्हणाली. माणसाने सुधारायचं म्हटलं की पहिला अडथळा घरातूनच. दुपारी तयार झाली. मशीनवर हात उगारायचा नाही, एवढंच बजावलं. हसूच आलं मला. मशीनवर कोण हात उगारतो?

५ मार्च. दुपारी.
माप घेतलं. गॅरेजची स्टीलची टेप, ताठ उभं राहून, श्वास रोखून. ही मध्येच म्हणाली की बसूनही माप घ्या, खांद्यापासून खाली दोन पायांमधून वर फिरवून. शिवाय शिलाईत कापड जातं, तेव्हा कडेने दीड बोट माया सोडा. मी समजावलं की पत्र्याच्या कामात मिलिमीटर जास्त झाला तर गाडीचं दार लागत नाही. दार खाली वाकून चपला घालत नाही, असं ही म्हणाली. बायकांशी टेक्निकल बोलू नये.

६ मार्च.
कापड कापलं. गडद निळं, जाड, एक नंबर. माया शून्य. कात्री दोनदा अडकली. तिसऱ्यांदा अडकल्यावर बाजूला ठेवली. ठेवायची जागा जरा लांब होती, त्यामुळे कपाटाच्या दारात घुसून उभी राहिली. ही आणि बारकी लगेच शेजारी निघून गेल्या. गप्पा मारायच्या असतील. बारकी आठ वर्षांची आहे, पण गप्पांत आईला मागे टाकते.

८ मार्च, शनिवार.
सुया तुटल्या: तीन. चौथी माझ्या बोटात, नखातून आरपार. रक्त थेट बाहीवर. गडद निळ्यावर दिसत नाही, रंगाची निवड बरोबर ठरली. ओरडलो थोडासा. समोरच्या खिडकीतल्या म्हाताऱ्याने विचारलं, कुणाला मारताय? सुईला, म्हटलं. त्याने खिडकी लावून घेतली.

दोरा दाताने तोडताना दाताचा कोपरा उडाला. दोष दोऱ्याचा. पाय शिवून झाले. डावा जरा आखूड आहे, पण चालताना लक्षात येणार नाही.

१० मार्च. संध्याकाळी ५.
मशीन मुद्दाम करतं. खाली दोऱ्याचा नुसता गुंता. अर्धा तास अत्यंत गोडीने समजावलं. मग एक दिली. छोट्या हातोड्याने. गॅरेजमध्ये त्याला आम्ही हातोडा म्हणतसुद्धा नाही.

मशीनच्या अंगाला डेंट पडला. तो मी पंधरा मिनिटांत काढून दिला, आधीपेक्षा गुळगुळीत! कौतुक शून्य. हिने मशीन उचलून आतल्या खोलीत नेलं, बारकीला आत घेतलं, कडी लावली. रागावर ताबा ठेवायला हिनेही काहीतरी शिकायला हवं.

१२ मार्च.
उरलेलं हाताने शिवतोय. शिलाया हातोड्याने ठोकून सपाट केल्या. हे व्हिडिओत नव्हतं, माझं स्वतःचं.

ही ज्यावर ब्लाउज चढवून बघते, त्या पुतळ्याला जंपसूट चढवला. चेन मध्येच रुतली. ओढली. पुतळा अंगावर आला, मीही सोडला नाही. पाच मिनिटं तुंबळ. शेवटी त्याची मान तुटली आणि चेन सुटली. बारकी दारात उभी होती. तिला म्हटलं, बाबा जिंकला! तिने विचारलं, मी मावशीकडे राहायला जाऊ का? परीक्षा जवळ आली की मुलं अशी कारणं काढतात.

१५ मार्च, शनिवार.
झाला! घातला! आरशापुढे ताठ उभा राहिलो. काय दिसतोय! चेन गळ्यापर्यंत लागते. मान खाली होत नाही, पण खाली बघायचंय कशाला? ही म्हणाली, बसून दाखवा. माफी उभ्यानेच मागतात, मी म्हटलं.

१७ मार्च.
माफीची प्रॅक्टिस, आरशापुढे. पहिल्या दोन वेळा उत्तम. तिसऱ्या वेळी समोरच्या माणसाचा चेहरा आवडला नाही. आरसा तसाही जुना होता. मुठीला तीन पट्ट्या.

उद्या विजय.

१८ मार्च, मंगळवार. दुपारी १.
जसं घडलं तसं लिहितो.

गॅरेजमध्ये गेलो. मालक म्हणाले, बसा. मी उभा. पुन्हा म्हणाले, अहो, बसा. उभाच बरा आहे, म्हटलं. पेंटर आला, हात प्लास्टरमध्ये. जंपसूटकडे बघून म्हणाला, स्वतः शिवलात? छान झालाय. खवचटपणा शोधला, सापडला नाही. मी माफी मागितली, एका दमात. तो हो म्हणणार होता. तोंड उघडलं होतं त्याने, देवाशपथ!

तेवढ्यात त्याच्या हातातून रंगाच्या डब्याचं झाकण निसटलं. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्यात डबा, त्याला ते उचलता येईना. मी शांत माणूस, मदतीला वाकलो.

टर्रकन आवाज झाला. मानेपासून थेट खालपर्यंत, जंपसूटचे मागून दोन भाग.

एकजणही हसला नाही. मला वाटलं, बघा, आता आदर मिळतो! मागचं फाटलेलं धरायला मी हात उचलला, एवढंच. पेंटरने प्लास्टरचा हात तोंडापुढे आडवा धरला आणि मालकांच्या मागे जाऊन उभा राहिला. तिकडे वेल्डरने वेल्डिंगचा मुखवटा तोंडावर ओढला.

मी काही केलं नाही, असं मालकांना तीनदा सांगितलं. दिसतंय, म्हणाले. मग त्यांनी पेंटरला विचारलं, काय करू, ठेवू का यांना? तो मालकांच्या पाठीमागूनच नाही म्हणाला.

हिशेब करून पाठवतो, मालक म्हणाले. माझा हातोडा तिथेच राहिला.

संध्याकाळी ६.
घरी सगळं सांगितलं. टर्रकन आवाजसुद्धा काढून दाखवला. दोघी भिंतीला टेकून उभ्या. अगं हसा की, गंमत सांगतोय, मी म्हटलं. बारकीने आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग आईकडे, आणि विचारलं, हसलं तर चालेल का?

चालेल, म्हटलं. तिला खात्री पटावी म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून खाली बसलो. बराच वेळ वाट बघितली. नाही हसली.

फाटल्यामुळे जंपसूटमध्ये आता आरामात बसता येतं.