किल्ली खिशात होती

प्रिय ठकू,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू उभ्या उभ्याच ते फोडलं असशील, म्हणून आधी सांगते: तुझे बाबा घरी आहेत, धडधाकट आहेत आणि आत्ता माझ्यासमोर बसून संत्रं सोलताहेत. आता खुर्चीत नीट बस आणि मग पुढे वाच. गेल्या रविवारी तुझा फोन नुसता वाजत राहिला ना, तेव्हा आम्ही इस्पितळात होतो.

झालं असं. दुपारी मी भाजी घेऊन आले, तर गॅरेजचं शटर खाली आणि आत गाडी चालू. आधी मला वाटलं, भास होतोय. आपल्या घरात हे होऊच शकत नाही. 'शटर वर नाही तर किल्ली नाही' असं तूच दहावीत असताना भिंतीवर लाल रंगाने लिहिलंस, आणि कोणी विसरलं की बाबा जेवढे ओरडायचे तेवढे तुझ्या गणिताच्या मार्कांवरही कधी ओरडले नाहीत. शटरला हात लावला तर पत्रा थरथरत होता. भाजीची पिशवी तिथेच टाकली. शटर मला एकटीला उचलेना, तेव्हा समोरची नर्सबाई धावत आली. दोघींनी मिळून ते वर लोटलं, तर हे कामाच्या टेबलाखाली आडवे. चेहरा असा लालबुंद की मला वाटलं, झोपलेत. नर्सबाईने मात्र नुसतं पाहिलं, धूर चढलाय, पाय धर म्हणाली. एक चप्पल आतच राहिली. मी तुला सांगते, इतक्या वर्षांत मी ह्या माणसाला काय काय ओढलं असेल, पण असं फरफटत कधी नाही.

इस्पितळात त्यांना ऑक्सिजन लावला. संध्याकाळपर्यंत डोळे उघडले. मग एक तरुण डॉक्टर आले, नाकातोंडावर मास्क. मला म्हणाले, आजी, जरा बाहेर थांबा. मी कसली बाहेर थांबते? पडद्याच्या मागेच उभी राहिले. त्यांनी विचारलं, "तुम्ही हे मुद्दाम केलंत का?" आणि बाबांनी मान हलवली, हो म्हणून. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, जगावंसं वाटत नाही का? पुन्हा मान हलवली, तशीच, शांतपणे, कोणी चहा घेणार का विचारल्यावर हलवावी तशी. ठकू, माझ्या पायाखालची जमीन सरकली हे आपण नुसतं बोलतो. मी खरंच पडद्याचा दांडा धरला आणि तो दांडा माझ्यासकट खाली आला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. ह्यांना तोंडावर विचारायची माझी छाती झाली नाही. तुझी आत्या आली, आणि कॉरिडॉरमध्ये खाली मान घालून हळू आवाजात बोलायला लागली, जसं काही बाबा गेलेच आहेत. येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्याकडे बघायचा आणि मग माझ्याकडे, आणि दुसरं बघणं जास्त वेळ चालायचं. मी आमचा संसार उलटा टांगून झटकून पाहिला. मी तोंडाची फटकळ आहे, कबूल. वर्गात पोरांना गप्प करता करता सवय लागली. पण बायकोच्या बोलण्याला कंटाळून माणूस जीव देत असता तर आपल्या गल्लीत एक पुरुष उरला नसता. मग मनात आलं ते तुझंच. वर्षाच्या सुरुवातीपासून तुमच्या दोघांत जो अबोला चाललाय तो. तू फोन करतेस, माझ्याशी बोलतेस, 'बाबांना दे' म्हणत नाहीस. ज्या पोरीला ह्यांनी बोट धरून इंजिन उघडायला शिकवलं, ती पोर बापाचं नावसुद्धा काढत नाही. त्या धक्क्याने केलं असेल का? खरं सांगते, मला तुझा राग आला. म्हणूनच तुला कळवलं नाही. फोन उचलला असता तर काय बोलून बसले असते देव जाणे.

घरी सोडताना इस्पितळाने त्यांचे कपडे पिशवीत घालून दिले. धुवायला काढले तर पँटच्या खिशात गाडीची किल्ली. मी ती बादलीच्या कडेवर ठेवली, पँट भिजवली, आणि हात साबणाच्या पाण्यात असतानाच चमकले. गाडी चालू होती आणि किल्ली खिशात होती. जीव द्यायला बसलेला माणूस इंजिन चालू ठेवून किल्ली काढून खिशात कशाला घालील?

हे तुलाच पुन्हा काय सांगायचं, तूच मला एकदा समजावलं होतंस. आपल्या गाडीत तो टर्बो का काय तो पंखा आहे, तो धुराच्याच जोरावर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून ती एवढी उधळते. पण हाणून आणलेली गाडी तशीच बंद केली तर तापलेल्या पंख्याला तेल मिळत नाही, आतल्या आत सगळं करपतं. म्हणून दारात आणल्यावर दोन मिनिटं तिला दम खाऊ द्यायचा. मला आठवतं, तुम्ही दोघं उन्हातान्हात गाडीत नुसते बसून असायचात, आणि मी खिडकीतून ओरडायचे की जेवण निवतंय, गाडी कसली निववताय. मग तुझ्या लग्नाआधी तुम्ही ती टायमरची डबी बसवलीत. किल्ली काढा, चालू लागा, दोन मिनिटांनी गाडी आपली आपण बंद. बाबांना ती मनापासून आवडली नव्हती, पण तू बसवलीस म्हणून राहिली.

मी गिअरकाकांना बोलावलं. ह्यांचे कारखान्यातले सोबती, तुला खांद्यावर घेऊन फिरवायचे ते. त्यांनी डबी खोलली. आतला बंद करणारा तुकडा जळून चिकटला होता, त्यामुळे गाडी बंदच झाली नाही, चालतच राहिली. तुझ्या हाताचा यात काही दोष नाही, हे तुला आवर्जून लिहायला सांगितलंय त्यांनी. अशा डब्या जुन्या झाल्या की चिकटतात म्हणे. आणि शटर? त्याचं कारण तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. बाबांनी मध्यंतरी गाडीला मागे धुराची एक जाडजूड नळी बसवली, आणि त्या दिवसापासून गाडी चालू झाली की आमच्या कपाटातली काच वाजायची. सगळी गल्ली तक्रार घेऊन दारात. हे म्हणायचे, "आवाज कुठे आहे?" आम्हाला वाटायचं, हट्ट. शेवटी लोकांची कटकट नको म्हणून ते किल्ली काढली की लगेच आतून शटर ओढून घ्यायला लागले. दोनच मिनिटांचा तर प्रश्न. ज्या नियमासाठी अख्खं घर डोक्यावर घ्यायचे, तो ह्यांनी स्वतःच असा दोन मिनिटांनी वाकवला होता.

मी तर आनंदाने रडायला लागले. मुद्दाम नाही, अपघात आहे! पण काका स्टुलावर बसून चिंधीला हात पुसत राहिले. म्हणाले, "वहिनी, सगळं पटलं. पण गाडी बंद झाली नाही, हे याला ऐकू कसं आलं नाही?"

आठव ठकू, हा माणूस कोण. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आत कुठला तुकडा सैल झालाय ते सांगणारा. तू कोपऱ्यावरून वळायच्या आत, इथे घरात पेपर वाचताना म्हणायचे, पोरीने तिसरा प्लग खराब करून आणलाय. लोक गाड्या घेऊन दारात उभे राहायचे ते ह्यांच्या कानासाठी.

काका गेल्यावर मी स्वयंपाकघरातलं मोठं स्टीलचं ताट घेतलं. हे पाठमोरे बसले होते. आधी हाक मारली. मग अहो, अहो, अशी दोनदा. मग ताट वर धरलं आणि फरशीवर सोडलं. काय आवाज झाला म्हणून सांगू! समोरची नर्सबाई गॅलरीत आली, खालचं कुत्रं भुंकायला लागलं. ह्यांनी बोटाला थुंकी लावली आणि पेपरचं पान उलटलं. मी त्या ताटाशेजारी खालीच बसले. काहीतरी फार मोठं मोडलंय आणि ते माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, केव्हा मोडलं तेच मला कळलं नाही, असं वाटलं.

तू गॅरेजात लावलेला फळा अजून आहे. त्यावर मी खडूने लिहिलं, तुम्हाला ऐकू येत नाही का? ह्यांनी वाचलं आणि बाहीने पुसून टाकलं. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा बाही धरून ठेवली तेव्हा म्हणाले, कमी येतं. किती कमी, तर माणूस समोर असलं तर तोंडावरून कळतं, बाकी काही नाही. हळूहळू गेलं, गेली तीनेक वर्षं. मी विचारलं, मग सांगितलं का नाही? तर म्हणतात कसे, "गाडी कानावरच दुरुस्त होते गं. कान गेले म्हटल्यावर मला तिला कोण हात लावू देईल?" इतके दिवस इंजिनावर तळहात ठेवून थरथरीवरून अंदाज घेत होते. आणि मी? माझा वर्गातला आवाज, तोंड उघडलं की पडजीभ दिसते, त्यामुळे माझं सगळं त्यांना वाचता यायचं. शिवाय संसाराच्या पहिल्या दिवसापासून ते माझं ऐकतच नव्हते, मला फरक कळणार कुठून!

मग डॉक्टरांसमोरच्या त्या मान हलवण्याचा उलगडा झाला. मास्कमुळे ओठ दिसत नव्हते. ऐकू आलं नाही की हे हो म्हणतात, म्हणजे समोरचा पुढे जातो, ही ह्यांची युक्ती. मी ह्यांना घेऊन तडक इस्पितळात गेले आणि डॉक्टरांना म्हटलं, तो मास्क काढा आणि पुन्हा विचारा. त्यांनी विचारलं. बाबा आधी माझ्याकडे बघायला लागले, मग त्यांच्याकडे, आणि म्हणाले, "मुद्दाम? अहो, मला प्लग साफ करायचे होते." डॉक्टर हसले, मी हसले, आम्ही का हसतोय ते न कळून बाबाही हसले. परत येताना मी रिक्षात त्यांचा हात सोडला नाही. पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. यंत्र लावलं तरी थोडंच परत येईल म्हणतात.

इथे हे पत्र संपायला हवं होतं. पण काल सकाळी मी टेलिफोन पुसत होते, आणि हात तिथेच थांबला. वर्षाच्या सुरुवातीचा तो तुझा फोन मला आठवला. मी उचलला तर तू म्हणालीस, तुझ्याशी नाही, बाबांशी बोलायचंय. मी रिसीव्हर दिला आणि आत गेले. तू खूप वेळ बोललीस. हे कानाला लावून उभे होते. शेवटी 'बरं, बरं' म्हणाले आणि ठेवून दिला. पुढे बऱ्याच दिवसांनी तू सासरचं घर सोडून एकटी राहतेस हे मला कळलं, तेही तुझ्या सासूबाईंकडून, आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. वाटलं, हिने बापाला सांगितलं, आईला नाही, आणि बापानेही पोटात ठेवलं. ठेवा म्हटलं दोघं मिळून लपवून, मीही विचारणार नाही. तुझ्याशी हवापाण्यावर बोलत राहिले आणि ह्यांच्याशी तेवढंही नाही. काल मी फळ्यावर लिहिलं, ठकूने त्या दिवशी फोनवर काय सांगितलं? ह्यांनी ते फार वेळ वाचलं. पुसलं नाही. म्हणाले, "शब्द एकही नाही कळला. ती बोलतेय एवढंच कळत होतं. रडत होती का गं?"

मी उत्तर दिलेलं नाही. तू कुठे राहतेस हेही त्यांना अजून माहीत नाही. ते मी सांगणार नाही, कारण ते तू आधी बापालाच सांगायचं ठरवलं होतंस, आणि तो हक्क तुझाच आहे. तुला काय वाटलं असेल ते मला आत्ता लिहितानाही सहन होत नाही, की मी एवढं सगळं सांगितलं आणि बाबा 'बरं, बरं' म्हणाले. म्हणून फोन न करता हे पत्र लिहितेय. त्या दिवशी जे जे बोललीस ते सगळं पुन्हा सांग, पण लिहून सांग, पाकिटावर त्यांचं नाव घालून. तुझी आई कशी आहे ते तुला ठाऊक आहे, तरीसुद्धा सांगते, ते पाकीट मी फोडणार नाही.

तुझीच,
आई