चॅनल गेटची चावी, प्रीतीला

मी, धम्मदीना धोंडिबा तायडे, वय अडुसष्ट, राहणार बडा गणपती, इंदूर, निवृत्त मेट्रन, पूर्ण शुद्धीत आणि कुणाचाही दबाव नसताना हे लिहून ठेवत आहे. माझी शुगर बिघडली आहे, डोकं नाही. लग्न केलं नाही. जवळचा म्हणावा असा भाचा ज्ञानदीप एवढाच.

१. महूच्या आजोबांची फौजेतली पेटी आणि पदकं ज्ञानदीपला द्यावीत. घर त्याला मिळणार नाही. त्याने रुसू नये, त्याची नोकरी पक्की आहे.

२. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक प्रीती वानखेडेला द्यावी. प्रीती माझ्या हाताखाली तयार झालेली सिस्टर. मी पुष्कळ मुलींना वॉर्ड इन-चार्ज केलं, तिच्यासारखी एकच. पुढचं कलम तिने बसून वाचावं.

३. नव्या इन-चार्जला मी वॉर्डाच्या चॅनल गेटची चावी देत असे आणि नियम घोकवून घेत असे: जमाव आला तर स्टाफला आत घाल, गेटला बाहेरून कुलूप लाव, चावी आत फेक आणि स्वतः बाहेर उभी राहा. नियम माझाच. तो पाळायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

१२ मे २०१७ रोजी भर दुपारी देपालपूरची एक पेशंट गेली आणि तिची माणसं सळया घेऊन वर आली. प्रीतीला चावी मिळून तीनच दिवस झाले होते. तिने नियम पाळला. मी स्टाफबरोबर आत होते, चावी माझ्या पायाशी येऊन पडली. त्यांनी सलाइनचा स्टँड तिच्या तोंडावर हाणला, दात फरशीवर पडले. केस धरून डोकं गेटवर आपटलं. तिने गेटच्या लोखंडी पट्ट्यांमधून उजवा हात आत घातला आणि ओरडली, "मॅडमजी, चावी द्या ना! मार डालेंगे ये लोग!"

मी म्हणाले, "सापडत नाही गं!"

चावी माझ्या मुठीत होती. तिच्या अडकलेल्या हाताच्या कोपरावर सळई पडत राहिली. हाड मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. आत अकरा बाळंतिणी होत्या, त्यांच्यासाठी उघडलं नाही, असं सांगता आलं असतं. पण मी घाबरले होते. मी भेकड आहे.

४. चौकशीत मी 'चावी गहाळ' असं लिहून दिलं. प्रीती तेच खरं मानते. दर रविवारी येऊन डाव्या हाताने माझ्या पायाचं ड्रेसिंग करते आणि म्हणते, "टेन्शन नका घेऊ मॅडमजी, चावीच हरवली तर तुम्ही काय करणार?"

५. हॉस्पिटलचे मॅनेजर विपुलजी लीडरशिप ट्रेनिंगमध्ये 'वॉर्ड वाचवणारी मेट्रन' म्हणून माझा फोटो दाखवतात. तो फाडावा. त्या दुपारी ते स्वतः बाथरूमला कडी लावून बसले होते. माझ्या शोकसभेत ते बोलायला उठले तर ज्ञानदीपने माइक हिसकावून घ्यावा.

६. चावी माझ्या कपाटात, औषधांच्या डब्यात आहे. ती प्रीतीच्या डाव्या हातात द्यावी. नव्या इन-चार्ज आता तीच तयार करते, आणि माझाच नियम शिकवते. तो तिने त्याच दिवशी बंद करावा. कुलूप आतून लावावं, इन-चार्जने सगळ्यांबरोबर आत राहावं. प्रीतीने मला शिव्या दिल्या तर कुणी तिला गप्प करू नये.

हे सर्व मी कुणाकडून लिहून न घेता माझ्या धडधाकट उजव्या हाताने लिहिलं आहे, आणि त्याच हाताने सही करत आहे.

धम्मदीना धोंडिबा तायडे

आमच्यासमोर सही केली:
वसुधा रामटेके, शेजारी
पंचशील गवई, निवृत्त वॉर्डबॉय

इंदूर, १९ नोव्हेंबर २०२४