लांब वळणावर डोलणाऱ्या गाडीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा लेथकाम, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. भावजयीला शंका आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. लिहिण्यासाठी कोणाचा दबाव नाही. असलाच तर न लिहिण्यासाठी आहे. येत्या रविवारी मी जुन्या मोटरसायकलींच्या शर्यतीत उतरणार आहे, म्हणून आजच निरवानिरव करते.

१. खालचं वर्कशॉप आणि वरची खोली भावजयीला. माझा धाकटा भाऊ शर्यतीत पडून पायाने अधू झाला, तेव्हापासून घर तिनेच ओढलं आहे. यावर इतर कोणी हक्क सांगू नये.

२. लेथ भाचीला. शिकायचं नसेल तर विकावं, पण गंज चढू देऊ नये.

३. शर्यतीची मोटरसायकल भावाला. इथे सविस्तर लिहिणं भाग आहे. लांब वळणावर वेग वाढला की ही गाडी मागून डोलू लागे. त्या दिवशीही डोलली आणि भाऊ फेकला गेला. तो दवाखान्यात असतानाच त्याला शर्यत शिकवणाऱ्या क्लबच्या मास्तरांनी सगळ्यांदेखत सांगितलं, की गाडी ठीक होती, पोराने कच खाल्ली. भावाने ते मनाला लावून घेतलं आणि पुन्हा गाडीला हात लावला नाही.

मी मात्र हात धुऊन तिच्या मागे लागले. टायर बदलले, हँडलचे बेअरिंग बदलले, शॉक बदलले, डोलणं जाईना. शेवटी चाकवाल्याला गाडीवर बसवून दोन्ही चाकांलगत दोरी ताणली, तर मागचं चाक तिरकं. ते चाक धरणारा चिमटा ज्या बुशांवर, म्हणजे पितळी नळ्यांवर, हलतो, ते एका अंगाने झिजले होते. नवे बुश मीच कातले. मग रिकाम्या ट्रॅकवर स्वतः चालवली. लांब वळणातून गाडी रेषेत गेली.

भावाला सांगितलं. त्याने झिजलेले बुश बोटाने हलवून पाहिले. मग म्हणाला, "ताई, मग इतकी वर्षं मी मान खाली घालून का फिरलो?"

दुसऱ्या दिवशी मात्र त्याने शब्द फिरवला. रिकाम्या ट्रॅकवर कोणीही चालवेल, खरं काय ते शर्यतीत कळतं, म्हणाला. हे बोलणं मास्तरांचं आहे, त्याचं नाही. म्हणून मी याच गाडीवर रविवारच्या शर्यतीत नाव नोंदवलं.

४. झिजलेले बुश मास्तरांना. बोट घालून हलवून पाहावेत. माफी मागावीशी वाटली तर भावाची मागावी. माझ्या अंत्यविधीला त्यांनी येऊ नये.

५. मी पडले, तर आधी गाडी तपासावी, मग बोलावं.

६. काल भावजय वर्कशॉपमध्ये येऊन बसली. म्हणाली, "वन्सं, तुम्ही पडलात तर हे म्हणतील, ताई माझ्यापायी गेली. ते ओझं यांनी कुठे ठेवायचं?" आज इथे 'मी भावासाठी उतरत नाही' अशी ओळ लिहिली होती. ती खोडली आहे, कारण मृत्युपत्रात खोटं लिहू नये. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

स्थळ : वर्कशॉप
दिनांक : ९ फेब्रुवारी, गुरुवार

लिहून देणार : (सही) ताई

आमच्यासमोर वाचून सही केली. साक्षीदार :
१. (सही) शेजारचे डॉक्टर
२. (सही) चाकवाला