घाटात तुटलेल्या अ‍ॅक्सलची ऐरण

१४ सप्टेंबर २०२५

हो म्हणून बसले! वरच्या वाडीतली चिंधी तीन इळे घेऊन दारात आली. धार गेलेली, एकाचं तर टोकच वाकलेलं. "सुरेखाबाय, दसऱ्यानंतर कापनी हाय. म्हातारा करून देल ना?" म्हटलं, देईल. बाबा आत खाटेवर पडून सगळं ऐकत होते. ती गेल्यावर म्हणाले, "कशावर ठोकू? तुझ्या डोक्यावर?"

बरोबरच आहे. ऐरण आहे कुठे? वाटणीत माझ्या भावाने, गजादादाने नेली आणि एका फार्महाऊसवाल्याला विकून मोकळा झाला. भाता, घण, सांडशी तेवढी बाबांबरोबर माझ्या घरी आली. कशेळ्याला जाताना जीपमधून ऐरण दिसते — गेटावर, सोनेरी रंग मारलेली, वर कुंडी! बाबा त्या रस्त्याने जातच नाहीत.

१५ सप्टेंबर

ठरलं. ऐरण मी करणार आणि इळेही मीच. बाबा हसले. "बाईच्या हातात सांडशी? काय बी! आपल्यात बाई भात्यावर बसते."

माहीत आहे की! आई जन्मभर बसली. "घालू का वारा?" विचारायची आणि बाबा नुसती मान हलवायचे. घण उचलायलाही तीच. पण तापलेलं लोखंड धरायचं, फिरवायचं, घाव कुठे घालायचा ते ठरवायचं — ते फक्त बाबांचं. मला तेच पाहिजे. लहानपणापासून पाहिजे. लिहूनच टाकते एकदाचं.

१९ सप्टेंबर

भिसेगावच्या भंगारवाल्याकडे ऐरणीसाठी रुळाचा तुकडा मागितला. अंगावरच आला माझ्या. "रेल्वेचा माल? मला आत पाठवता काय, ताई?"

२१ सप्टेंबर

मिळाला! लोधिवलीला, नवऱ्याच्या, म्हणजे हरेशच्या मावसभावाच्या गॅरेजमागे. घाटात तुटलेला ट्रकचा अ‍ॅक्सल. हातभर दांडा, एका टोकाला ताटलीएवढी जाड चकती. मावसभाऊ नवनाथ विचारतो, "वहिनी, याचं काय करणार?" म्हटलं, लोणचं घालणार.

आणताना मात्र जीव गेला. कर्जतला जीपवाला म्हणतो, याची पन सीट लागंल. दिली! पाहुण्यासारखा शेजारी बसवून आणला.

हरेश एवढंच म्हणाला, "पाय सांभाळ." म्हणजे पडला तर.

२३ सप्टेंबर

काही खरं नाही. चिंचेच्या ओंडक्यावर अ‍ॅक्सल आडवा ठेवला, तारेने आवळला. ऐरण आडवीच असते ना! नुसता हातोडा मारून बघितला, तर थप्प. सगळं थरथरतं, घाव कुठे जातो कळत नाही. हात मनगटापासून बधिर. बाबा ओट्यावरून बघत होते. इतका राग आला.

२४ सप्टेंबर

आज नुसता स्वयंपाक. तोही खारट.

२६ सप्टेंबर

शेजारच्या सुंदराकाकूंच्या गाईने खुंटा उपटला होता, तो ठोकून द्यायला गेले. डोक्यावर घाव घातला की सरळ जमिनीत. हात वरच राहिला माझा. अगं वेडे, अ‍ॅक्सल उभा पाहिजे! वर चकती, खाली सगळा दांडा, त्याखाली जमीन. काकू म्हणतात, "एकटीच काय हसतेस गं?"

घरी येऊन खड्डा खणला. खुंट्यासारखा खाली जाऊ नये म्हणून तळाला आईच्या जात्याची फुटकी तळी घातली. भोवती दगड, मुरूम, धुम्मसाने ठोकून घट्ट. चकती तेवढी वर. मग हातोडा टाकला — टण्ण! उडून परत वर आला. आत बाबांचा खोकला थांबला.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. बाबांनी घण, हातोडे, सांडशी धुऊन मांडली. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. भात्यालासुद्धा. माझ्या ऐरणीला काही नाही! विचारलंच मी. "तापलं लोखंड ठेवलंस का कधी वर? पैलं काम करू दे. मंग देव."

म्हातारा खवीस आहे नुसता. मोरीत जाऊन रडले.

३ ऑक्टोबर

भट्टी पेटवली. हरेश कंपनीत, काकू दुसऱ्याच्या शेतावर. एकटीच. भाता सोडून सांडशी धरते, ऐरणीपर्यंत आणते, दोन घाव घालते, तोवर इळा निवून काळा. परत भाता. परत काळा. एकाचं टोक तेवढं जेमतेम सरळ झालं. हातावर फोड. बाबा ओट्यावरच.

चिंधी परवा येणार. तिला काय तोंड दाखवू? बाबांना म्हटलं, "तुम्ही धरा सांडशी, मी बसते भात्यावर. इळे झाले पाहिजेत." बाबा उठून आत गेले.

४ ऑक्टोबर

सकाळी मागे भट्टीपाशी गेले, तर बाबा आधीच येऊन बसलेले. भात्यावर. आईच्या जागी. सांडशी ऐरणीजवळ, माझ्या बाजूला ठेवलेली.

वर न बघता म्हणाले, "घालू का वारा?"

मी नुसती मान हलवली.